सवलत कोणाची, नफा कोणाचा?

व्हिडिओ गेमसारखा विषय या पानावर यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. कापसाचा भाव, वीजदर, शिधावाटप हे चळवळीचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीला पोरांच्या खेळाने बसावे काय, असा प्रश्न एखाद्या ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या मनात आला तर त्यात गैर काही नाही. परंतु व्यवहारातील नीतीचा प्रश्न नेहमी धान्याच्या कोठारातच उभा राहतो असे नाही. आज जिल्ह्याच्या गावी शिकणारा, किंवा शिकून घरी बसलेला तरुण दिवाळीच्या 'सेल'मध्ये पाच-दहा गेम पडत्या भावात उचलतो, महिना-दोन महिने कपाटात ठेवतो आणि सवलतीची मुदत संपली की चढ्या भावाने विकतो. हाच तरुण महागाईविरोधी मोर्च्यात घोषणा देत चाललेला असतो. आपण करतो ते बरे की वाईट, असे त्याने एखाद्या दिवशी बैठकीत विचारले तर त्याला उत्तर द्यावे लागेल, आणि ते उत्तर केवळ डोळे वटारून देता येणार नाही.

दोन उत्तरे तयार आहेत. पहिले बाजाराच्या भाटांचे: स्वस्तात घेणे आणि महाग विकणे यालाच व्यापार म्हणतात, घेणारा खुशीने घेतो, देणारा खुशीने देतो, तिसऱ्याने मध्ये पडण्याचे कारण नाही. दुसरे उत्तर चळवळीतील उतावळ्या मंडळींचे: ही शुद्ध साठेबाजी आहे, आणि साठेबाजाची जागा तुरुंगात. दोन्ही उत्तरांत एकच उणीव आहे. ती सवलत मुळात कोणी दिली, कोणासाठी दिली आणि मधल्या माणसाने ती उचलल्यामुळे कोणाच्या हातून ती गेली, हे दोघेही विचारीत नाहीत. 1972 साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महिला लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या तेव्हा प्रश्न चुलीचा होता. गेम मिळाला नाही म्हणून कोणाची चूल विझत नाही. तेव्हा तो गज इथे जसाच्या तसा लावणे योग्य होणार नाही. पण गज लावायचाच नाही, असेही नव्हे.

सुरुवात जुन्या मालापासून केलेली बरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर (कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तोंडी नाव अजून जुनेच) वापरलेल्या डिस्कच्या देवघेवीचा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. नवी डिस्क चार-पाच हजारांची. ती खेळून झाली की मुलगा ती दुकानात देतो, वर थोडे पैसे घालतो आणि दुसरी घेऊन जातो. दिलेली डिस्क दुकानदार उजेडात धरून ओरखडे पाहतो, यंत्रावर लावून बघतो आणि नव्यापेक्षा कमी किमतीला तिसऱ्याला देतो. या साखळीत एकच वस्तू चार घरी जाते आणि जिथे नवी डिस्क कधीच पोहोचली नसती तिथे चौथ्या हाताने पोहोचते. जून महिन्यात जुनी पाठ्यपुस्तके घेण्यासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जाणाऱ्या पालकाला या व्यवहाराची नीती कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दुकानदार नफा घेतो हे खरे; पण त्याच्यामुळे वस्तू स्वस्त होते, महाग होत नाही.

मार्क्सने 'भांडवला'त मालाच्या दोन फेऱ्या वेगळ्या करून दाखवल्या आहेत. एका फेरीत माणूस विकतो ते दुसरे काही घेण्यासाठी. दुसरीत तो घेतो तेच मुळी विकण्यासाठी. आपली खेळून झालेली डिस्क देऊन दुसरी घेणारा मुलगा पहिल्या फेरीत आहे. वेष्टनही न फोडता दहा डिस्क कपाटात रचणारा दुसऱ्या फेरीत आहे. त्याला खेळाशी कर्तव्य नाही. त्याच्या दृष्टीने त्या डिस्कच्या जागी कांदे असते तरी चालले असते. एवढ्यावरून तो दोषी ठरत नाही, कारण किराणा दुकानदारही विकण्यासाठीच घेतो. मात्र विचारणा कोणाकडे करावयाची एवढे त्यावरून ठरते.

कायद्याने या बाबतीत बराच पूर्वी एक निवाडा दिलेला आहे, आणि तो नेमका सवलतीच्या विक्रीवरूनच उद्भवला होता. अमेरिकेतील बॉब्स-मेरिल या प्रकाशनसंस्थेने 'द कास्टअवे' नावाच्या कादंबरीवर छापले होते की एक डॉलरपेक्षा कमी किमतीत हे पुस्तक विकल्यास तो स्वामित्वहक्काचा भंग मानला जाईल. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानाने ती कादंबरी 89 सेंटांना विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1908 साली न्यायालयाने सांगितले की प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढील किमतीवर प्रकाशकाचा हक्क उरत नाही. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली वापरलेल्या गेमच्या विक्रीबाबत हेच तत्त्व मान्य केले. गेम बनवणाऱ्या कंपन्यांना जुन्या मालाची दुकाने बंद पाडायची होती, ती त्यांना पाडता आली नाहीत. भारतात बंद वेष्टनातील मालावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. तिच्यापेक्षा अधिक दराने विकणे नियमबाह्य आहे, आणि तो नियम दुकानदाराइतकाच 'अन्य कोणालाही' लागू आहे. तिच्या आत मात्र विकणारा मोकळा आहे. दिवाळीत दोन हजारांना घेतलेली डिस्क संक्रांतीला तीन हजारांना विकणाऱ्या तरुणाने, छापील किंमत पाच हजारांची असेल तर, कोणताही नियम मोडलेला नाही.

पण नियम मोडला नाही म्हणजे प्रश्न मिटला असे नव्हे. इथे सवलतीच्या पोटात शिरून पाहावे लागते. बहुतेक 'सेल' हा परोपकार नसतो. नव्या गेमचा पहिल्या काही आठवड्यांतला हव्यास ओसरला की कंपनी किंमत उतरवते. ज्याची घाई मोठी त्याच्याकडून जास्त आणि जो थांबतो त्याच्याकडून कमी, अशी ती पायरीपायरीने वसुली असते. गोदामात पडलेला माल जागा अडवतो, म्हणूनही तो काढून टाकला जातो. अशा सवलतीवर कोणा गरजवंताचे नाव लिहिलेले नसते. ती कोणी उचलली आणि पुढे थोड्या नफ्याने, तरीही छापील किमतीच्या खाली विकली, तर त्यात कोणाचे हिरावून घेतले असे म्हणणे कठीण आहे. डिस्क मुबलक असेल, पुन्हा दोन महिन्यांनी तसाच सेल लागणार असेल, तर घेणाऱ्यालाही थांबण्याची वाट मोकळी आहे. असल्या व्यवहारावर नीतीचा तोफखाना डागणे म्हणजे कपाटातल्या दहा डिस्कसाठी दारूगोळा संपवणे होय. चळवळीत ही खोड जुनी आहे. कोपऱ्यावरचा हातगाडीवाला समोर दिसतो, साखर कारखान्याचा अध्यक्ष दिसत नाही.

काही सवलतींवर मात्र नाव लिहिलेले असते. 2010 साली अमेरिकेतील छोट्या गेमनिर्मात्यांनी 'हंबल इंडी बंडल' नावाचा उपक्रम काढला. चार-पाच गेमचा संच, किंमत घेणाऱ्याने ठरवायची, आणि आलेल्या पैशांतील वाटा निर्माते आणि धर्मादाय संस्था यांच्यात कसा विभागायचा हेही त्यानेच सांगायचे. त्यांतील एक संस्था रुग्णालयांतील मुलांना खेळणी आणि खेळ पुरवणारी होती. विश्वासावर उभारलेला असा बाजार क्वचितच पाहायला मिळतो. ज्याच्या खिशात काही नाही त्याने एक सेंट द्यावा, ज्याला परवडते त्याने पन्नास डॉलर द्यावेत, अशी ही रचना होती. तिचे पुढे काय झाले? स्टीम या गेमविक्रीच्या मोठ्या व्यासपीठाने एक बक्षीस-सोडत काढली, आणि तिच्यात आपली नावे अधिकाधिक घालता यावीत म्हणून लोकांनी एकेका सेंटला हे संच ढिगांनी घेतले. 2011 च्या डिसेंबरात उपक्रमाला अट घालावी लागली: स्टीमवर चालणारे कोड हवे असतील तर किमान एक डॉलर मोजा. संच फोडून त्यातील एकेक कोड परक्या बाजारात विकण्याचा धंदाही पुढे चांगलाच फोफावला. एक सेंट देणाऱ्या गरीब मुलाची जागा ज्याने घेतली तो गरीब नव्हता. तो दानपेटीतील नाणी मोजून घाऊक दराने नेणारा होता. त्याने कोणताही कायदा मोडला नसेल, परंतु त्याच्यामुळे दार अरुंद झाले, आणि अरुंद दाराचा त्रास त्याला झाला नाही.

याहून मोठे उदाहरण देशपरत्वे किमतींचे आहे. स्टीमवर गेमची किंमत सर्व देशांत एकच नसते. भारतात 2015 च्या अखेरीस रुपयांत किमती सुरू झाल्या आणि पुष्कळ गेम अमेरिकेतील किमतीपेक्षा बरेच स्वस्त मिळू लागले. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात किमती त्याहूनही कमी होत्या, कारण तेथील चलनाची किंमत घसरत होती आणि वेतने त्या घसरणीखाली चिरडली जात होती. ही सवलत कंपनीने धर्म म्हणून दिली नव्हती. तेथील लोकांना परवडेल तेवढेच ते देणार, आणि काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मिळालेले बरे, हा तिचा हिशेब होता. तथापि परिणाम चांगला होता. ब्यूनस आयर्सच्या कामगाराचा मुलगा चोरीची प्रत न घेता खरी प्रत घेऊ शकत होता.

श्रीमंत देशांतील खेळाडूंना हे कळायला वेळ लागला नाही. आपले खाते अर्जेंटिनाचे किंवा तुर्कस्तानचे असल्याचे भासवून तिथल्या दरात खरेदी करणे, तिथल्या दराने घेतलेले कोड आणि खाती युरोप-अमेरिकेत विकणे, हा नित्याचा उद्योग होऊन बसला. स्टीमने 2021 साली खात्याचा देश तीन महिन्यांतून एकदाच बदलता येईल अशी मर्यादा घातली. 2022 च्या ऑक्टोबरात निर्मात्यांना सुचवल्या जाणाऱ्या देशवार किमती बदलल्या आणि या दोन देशांच्या सुचवलेल्या किमती कित्येक पटींनी वाढल्या. 20 नोव्हेंबर 2023 पासून तर पेसो आणि लिरा ही दोन्ही चलने काढून टाकून डॉलर आणण्यात आला. कंपनीने कारण दिले ते चलनाच्या चढउताराचे, आणि ते खोटे नव्हते. पण बाहेरचे लोक स्वस्त दर लुटीत असताना कोणता निर्माता आपली किंमत तिथे खाली ठेवील? ज्या दिवशी डॉलर आला त्या दिवशी जर्मनीत बसून तुर्की दराने गेम घेणाऱ्याचे फारसे बिघडले नाही. तो आपल्या मूळ दराकडे परत गेला. बिघडले ते तुर्की विद्यार्थ्याचे.

महाराष्ट्रातील वाचकाला याचा अर्थ चटकन लागावा. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला जाई तो हौसेने नव्हे. स्वस्त रॉकेल गरिबाच्या स्टोव्हऐवजी डिझेलच्या टाकीत जाऊ नये, गेलेच तर ओळखता यावे, यासाठी तो रंग होता. तरीही ते जात राहिले, आणि मग 'सवलत गळतीला लागते, तेव्हा सवलतच बंद करा' असे म्हणणाऱ्यांना हाती कोलीत मिळाले. दोन्ही ठिकाणी घडण एकच आहे. जी सवलत एका माणसाच्या दुबळ्या खिशाकडे पाहून दिली जाते ती दुसऱ्याने पळवली म्हणजे केवळ त्या दिवसाचा लाभ जात नाही, ती सवलत देण्याची रीतच मोडते.

अर्थात या मुद्द्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे बरे नाही. युरोपीय आयोगाने 2021 च्या जानेवारीत व्हॉल्व्ह ही स्टीमची मालक कंपनी आणि पाच प्रकाशक यांना मिळून 78 लाख युरो दंड केला, तो नेमक्या उलट कारणासाठी. पोलंड, हंगेरी, रुमानिया अशा देशांत स्वस्त घेतलेले कोड पश्चिमेकडील देशांत चालू नयेत म्हणून त्यांनी कुलूप घातले होते. एकाच सामाईक बाजारात असे कुलूप बेकायदा ठरले. 2013 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने थायलंडमधून स्वस्त पाठ्यपुस्तके आणवून अमेरिकेत विकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत त्या पुस्तकांची किंमत विद्यार्थ्यांना पिळणारी होती, त्यामुळे त्याच्याविषयी सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे. पण भांडवलाला सीमा नाहीत आणि ग्राहकाला मात्र कुंपण आहे, ही तक्रार रास्त असली तरी कुंपण पाडल्यावर किंमत खालच्या पातळीवर येते की वरच्या, हे पाहिल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत. अर्जेंटिनात ती वरच्या पातळीवर गेली.

टंचाईच्या वेळी हाच व्यवहार आणखी उघडा पडतो. 2020 च्या नोव्हेंबरात सोनीचे प्लेस्टेशन 5 बाजारात आले तेव्हा साथीचे दिवस होते, संगणकीय चिपांचा तुटवडा होता आणि घरात कोंडलेली मुले जगभर तेच यंत्र मागत होती. भारतात 12 जानेवारी 2021 रोजी आगाऊ नोंदणी सुरू झाली आणि काही मिनिटांत संपली. किंमत होती 49,990 रुपये. त्यानंतर तेच यंत्र काळ्या दराने मिळू लागले. परदेशात तर 'बॉट' नावाच्या स्वयंचलित आज्ञावलीने शेकडो यंत्रे क्षणात उचलली जात; माणसाचे बोट कळफलकावर जाईपर्यंत दुकान रिकामे. सिनेमाच्या तिकीटखिडकीवर 'दस का बीस' म्हणून कुजबुजणारा काळाबाजारवाला निदान आपल्या कोपरांच्या बळावर रांगेत पुढे जाई. बॉटला कोपरेही लागत नाहीत. अमेरिकेत 2016 साली बॉटविरोधी कायदा झाला, पण तो फक्त कार्यक्रमांच्या तिकिटांपुरता. ब्रिटनच्या संसदेत फेब्रुवारी 2021 मध्ये गेमयंत्रांच्या अशा खरेदी-विक्रीवर बंदी घालणारे विधेयक मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही.

निन्टेन्डोने 2025 साली स्विच 2 हे नवे यंत्र आणताना जपानमध्ये जे केले ते मात्र समाजवाद्यांनी बारकाईने पाहण्यासारखे आहे. जपानी लोकांसाठी केवळ जपानी भाषेत चालणारे यंत्र 49,980 येनला आणि अनेक भाषांचे 69,980 येनला; म्हणजे रॉकेलला रंग दिला तो भाषेचा. शिवाय कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून यंत्र हवे असेल तर सोडत, आणि सोडतीत भाग घेण्यासाठी जुन्या यंत्रावर निदान 50 तास खेळल्याची आणि वर्षभर वर्गणी भरल्याची नोंद हवी. बावीस लाख लोकांनी अर्ज केले. जुन्या वस्तूंच्या मोठ्या बाजारपेठांशीही कंपनीने नफेखोर विक्री रोखण्यासाठी संधान बांधले. खाजगी कंपनीने बाजाराचे स्तोत्र बाजूला ठेवून शिधापत्रिका काढली! शिधावाटप म्हणजे मागासलेपणा असे चाळीस वर्षे ऐकवणाऱ्या अर्थपंडितांनी या घटनेवर मौन पाळले हे समजण्यासारखे आहे. तरी या शिधापत्रिकेतील खोच नजरेआड करता येत नाही. पात्रता ठरली ती गरजेवर नव्हे, कंपनीशी असलेल्या जुन्या ग्राहकीवर. ज्याच्या घरी पहिले यंत्र कधी आलेच नव्हते त्याचे नाव त्या रांगेत नव्हते.

आता त्या तरुणाचे म्हणणे ऐकले पाहिजे. तो म्हणेल, मी श्रम करतो. कोणत्या दिवशी कुठे भाव उतरला हे रात्र रात्र जागून पाहतो, पैसे अडकवतो, माल पडून राहिला तर तोटा माझा. नोकरी कोणी देत नाही आणि या दोन-तीन हजारांवर महिन्याचा खर्च भागतो. हे म्हणणे झिडकारण्याजोगे नाही. जागणे हे श्रम आहेत, जोखीमही खरी आहे. शहरातून माल आणून तालुक्याच्या गावी, जिथे असे दुकानच नाही, तिथे तो पोहोचवीत असेल, बिघडलेला परत घेत असेल, तर त्याच्या हातून काही घडते आणि त्याचा मोबदला त्याने घ्यावा. पण त्याच शहरात, त्याच ग्राहकाला, त्याच पडद्यावर तीच वस्तू तो विकत असेल आणि काल ती स्वस्त होती ती त्याने उचलल्यामुळेच आज महाग असेल, तर त्याचे जागरण कोणाच्या उपयोगी पडले? दरोडेखोरही रात्रभर जागतो. श्रम झाले एवढ्याने मोबदल्याचा हक्क उत्पन्न होत नाही. त्या श्रमाने वस्तू कोणाच्या जवळ गेली की कोणापासून दूर गेली, हे पाहावे लागते.

घाऊक भावात एकत्र घेणे हे मुळात पाप असते तर मुंबई ग्राहक पंचायतीचे काय म्हणावे? 1975 पासून तेथे कुटुंबांचे संघ करून, माल घाऊक घेऊन, कार्यकर्त्यांच्या हातांनी तो घरोघरी वाटला जात आला आहे. त्यातही कोणीतरी भाव शोधतो, कोणीतरी पिशव्या भरतो, कोणीतरी हिशेब लिहितो. फरक इतकाच की पडत्या भावाचा लाभ पिशवीबरोबर घरापर्यंत जातो, वाटेत थांबत नाही. एकाच महाविद्यालयातील दहा मुलांनी मिळून सेलच्या दिवशी दहा डिस्क घेतल्या आणि आळीपाळीने फिरवल्या, तर त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. असे घडतही असते. त्याला कोणी 'बिझनेस' म्हणत नाही म्हणून त्याची मोजदाद होत नाही.

कोडच्या बाजाराबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण तिथे नवशिक्या तरुणाचा पाय घसरतो. डिस्क हातात धरता येते, कोड म्हणजे निव्वळ अक्षरे आणि अंक. चोरलेल्या क्रेडिट कार्डाने निर्मात्याच्या दुकानातून कोड घेतले जातात आणि परक्या बाजारात स्वस्तात विकले जातात. कार्डधारक तक्रार करतो, बँक पैसे परत फिरवते, वर निर्मात्याला दंडही लावते. म्हणजे निर्मात्याचा गेमही गेला आणि खिशातून पैसेही गेले. 2019 साली ब्रिटिश प्रकाशक माइक रोज यांनी जाहीरपणे सांगितले की जीटूए या बाजारातून आमचे गेम घेण्यापेक्षा सरळ चोरीची प्रत घ्या. 'फॅक्टोरिओ' हा गेम करणाऱ्या वूब या झेक कंपनीच्या तक्रारीनंतर जीटूएने 2020 च्या मे महिन्यात मान्य केले की 2016 साली तेथे विकले गेलेले 198 कोड चोरीचे होते, आणि 39,600 डॉलर भरून दिले. अशा बाजारात अर्ध्या किमतीचा कोड घेऊन पाऊण किमतीला विकणाऱ्याला तो कुठून आला हे ठाऊक नसते, आणि पुष्कळदा ते ठाऊक नसणेच त्याच्या सोयीचे असते. चोरबाजारात घेतलेल्या घड्याळाची पावती कोणी मागत नाही, तसेच हे.

इतके सगळे झाल्यावरही, या व्यवहारातील सर्वांत मोठा मध्यस्थ कपाटात डिस्क ठेवणारा तरुण नव्हे. स्टीम प्रत्येक विक्रीतून 30 टक्के घेते. 2018 च्या अखेरीस तिने या दरात सवलत जाहीर केली: एखाद्या गेमची विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर 25 टक्के आणि पाच कोटींच्या वर गेली की 20 टक्के. म्हणजे ज्याची विक्री अफाट त्याला सवलत, आणि तिघाचौघांनी भाड्याच्या खोलीत बसून केलेल्या गेमला पूर्ण 30 टक्के. सवलतीच्या नीतीची चर्चा करताना हा आकडा समोर असावा.

याहून गंभीर गोष्ट अशी की वस्तूच नाहीशी होऊ लागली आहे. 2013 साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर जुन्या डिस्कच्या वापरावर निर्बंध घालण्याचे ठरवले होते. खेळाडूंनी इतका गदारोळ केला की त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो बेत सोडावा लागला. मात्र जे दारातून आले नाही ते खिडकीतून आले. डिस्कऐवजी डाउनलोड झाला आणि घेणाऱ्याच्या हाती मालकी न राहता वापराचा परवाना राहिला. तो विकता येत नाही, धाकट्या भावाच्या नावे करता येत नाही. युबिसॉफ्टने 2024 च्या मार्चअखेर 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे मोजून तो घेतलेल्यांच्या हातात रिकामे खोके राहिले. कॅलिफोर्नियाने केलेल्या कायद्यानुसार 1 जानेवारी 2025 पासून दुकानाला निदान सांगावे लागते की तुम्हाला मिळतो तो परवाना आहे. फ्रान्समधील यूएफसी-क्यू शॉझीर या ग्राहक संघटनेने स्टीमवरील गेम पुन्हा विकण्याचा हक्क मागितला. 2019 साली पॅरिसच्या न्यायालयाने तो मान्य केला, 2022 साली अपील न्यायालयाने फिरवला आणि 2024 साली वरिष्ठ न्यायालयाने तो नकार कायम केला.

सेलमधला माल ढिगाने उचलणारे, परक्या देशाचे भाव पळवणारे, चोरीचे कोड फिरवणारे पुढे करूनच कंपन्या पुनर्विक्रीचा हक्क मोडून काढू पाहतात. चोराचे नाव घेऊन लॅमिंग्टन रोडवरील दुकानदाराला आणि त्याच्याकडे डिस्क बदलायला येणाऱ्या मुलाला एकाच तराजूत घातले जाते. म्हणून बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला सांगायचे ते असे, की मुबलक मालाच्या सेलमधील डिस्क छापील किमतीच्या आत विकलीस तर त्यावरून चळवळ तुझ्याशी भांडणार नाही. पण टंचाईच्या काळात रांग अडवणे, दुसऱ्याच्या गरिबीकडे पाहून ठेवलेला भाव पळवणे आणि ज्याचे मूळ विचारता येत नाही असा कोड फिरवणे, यांपैकी काहीही मोर्च्यात चालणाऱ्या हातांना शोभत नाही. आणि त्याच बैठकीत दुसरे एक काम हाती घेता येईल. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करारा'ची व्याख्या आहे आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे तक्रार करण्याची तरतूद आहे. पैसे घेऊन वस्तू न देता परवाना देणारा आणि तोही मन मानेल तेव्हा काढून घेणारा करार त्या व्याख्येत बसतो की नाही, हा प्रश्न आयोगापुढे नेता येईल. ती तक्रार एकट्या ग्राहकानेच करावी असे बंधन नाही; नोंदणीकृत ग्राहक संघटनेलाही ती दाखल करता येते.